कर्ण्यामागचा गवई

हल्क होगन यांचे २४ जुलै २०२५ रोजी निधन झाले आणि नव्वदच्या दशकात केबलवर अमेरिकन कुस्ती पाहत वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीत एक जुना वाद नव्याने पेटला. एका बाजूचे म्हणणे असे की निकाल आधीच ठरलेल्या त्या नुरा कुस्तीतल्या माणसांना श्रद्धांजली वाहणे हा खऱ्या पैलवानांचा अपमान आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की खरेखोटे काहीही असो, पैलवानांच्या चित्रांच्या ट्रम्प कार्डांची गड्डी खिशात घालून शाळेत जाणाऱ्या मुलांना त्या माणसांनी आनंद दिला आणि तेवढे पुरेसे आहे. होगन यांचे दीर्घकाळचे मॅनेजर जिमी हार्ट यांचेही नाव या वादात निघाले. चित्रविचित्र रंगांचा कोट, काळा चष्मा आणि हातात मेगाफोन ही त्यांची मूर्ती त्या पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहे. पहिल्या बाजूने त्यांना विदूषक ठरवले, दुसरीने गमतीचा माणूस म्हणून त्यांची पाठराखण केली, आणि संगीताचा नाद असलेल्या एका मित्राने हळहळ व्यक्त केली, की दहा लाखांवर प्रती खपलेल्या गाण्यात ज्याचा आवाज आहे तो माणूस पुढे आयुष्यभर आखाड्याच्या कडेला ओरडत राहिला, गुणांची माती झाली.

तिन्ही मते मला अमान्य आहेत, आणि ती एकाच ठिकाणी चुकतात. तिन्ही मतांत संगीत आणि कुस्ती हे हार्ट यांच्या आयुष्याचे दोन वेगळे तुकडे मानलेले आहेत. एक सोडून ते दुसऱ्यात गेले, असे गृहीत धरलेले आहे. माझे म्हणणे असे आहे की हार्ट यांनी संगीत सोडलेच नाही. मुख्य गायकाच्या मागे उभे राहून त्याचा सूर भरून काढायचे जे काम ते अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ऐन विशीत शिकले, तेच काम त्यांनी पुढची चार दशके कुस्तीच्या आखाड्याबाहेर उभे राहून केले. ज्या भाषेत साथसंगत हा शब्द इतक्या आदराने उच्चारला जातो, त्या भाषेच्या वाचकांना ही गोष्ट समजायला खरे तर सर्वांत सोपी असायला हवी.

प्रथम ते गाणे पाहू. मेम्फिसच्या ट्रेडवेल हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी १९६३ साली ‘द जेंट्रीज’ नावाचा वाद्यवृंद सुरू केला. त्यात लॅरी रासबेरी, ब्रूस बोल्स आणि जिमी हार्ट हे तिघे गाणारे होते, आणि पुढे राहणारा आवाज रासबेरींचा होता. चिप्स मोमन यांच्या निर्मितीखाली ध्वनिमुद्रित झालेले त्यांचे ‘कीप ऑन डान्सिंग’ हे गाणे १९६५ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. या गाण्याची घडण मला फार महत्त्वाची वाटते. मूळ ध्वनिमुद्रण तबकडीसाठी फारच तोकडे होते, म्हणून दीड मिनिटाच्या सुमारास गाणे हळूहळू विरत नेले आहे, ऐकणाऱ्याला ते संपल्यासारखे वाटते, आणि तेवढ्यात ड्रमचा एक तुकडा वाजून तेच गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुसरा अर्धा भाग म्हणजे पहिल्याचीच जोडलेली प्रत आहे. कुस्तीच्या धंद्यात याला ‘फॉल्स फिनिश’ म्हणतात. पंच दोन मोजतो, तिसरा हात जमिनीवर पडणार एवढ्यात पैलवान खांदा उचलतो, आणि संपली असे वाटलेली लढत पुन्हा उभी राहते. लोक उठून घरी जायच्या बेतात असताना त्यांना पुन्हा खुर्चीच्या टोकावर आणून बसवायचे कसे, हे हार्ट कुस्तीत येण्याच्या कितीतरी आधी, स्वतःच्या पहिल्या यशस्वी गाण्यात अनुभवून बसले होते.

आता ‘गुणांची माती’ या आक्षेपाकडे येऊ. हा आक्षेप घेणारे असे धरून चालतात की हार्ट यांच्यासमोर संगीताचा राजमार्ग खुला होता आणि ते मुद्दाम आडवाटेला वळले. सत्तरच्या दशकातले मेम्फिस पाहिले की हे टिकत नाही. जेंट्रीजचा मूळ संच फुटल्यावर हार्ट यांनी त्याच नावाने नवा संच उभा केला, स्वतः मुख्य गायक झाले आणि १९७० साली सन रेकॉर्ड्सच्या नावाखाली एक तबकडी काढली. पण ज्या सनने एल्व्हिस प्रेस्ली यांचा आवाज पहिल्यांदा जगापुढे आणला, ती कंपनी सॅम फिलिप्स यांनी १९६९ सालीच विकून टाकली होती आणि तिचा कारभार नॅशव्हिलला गेला होता. चिप्स मोमन यांनी १९७२ मध्ये मेम्फिस सोडले. शहराचा सर्वांत मोठा अभिमान असलेली स्टॅक्स ही कंपनी डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली. एल्व्हिस ऑगस्ट १९७७ मध्ये गेले. दहा वर्षांच्या आत ज्या शहराचा संगीताचा बाजार असा बसला, त्या शहरातल्या जेमतेम नाव असलेल्या गायकाने काय करायला हवे होते? शहर सोडायचे, गाणे सोडायचे, किंवा जिथे अजून दर आठवड्याला हजारो माणसे तिकीट काढून जमत होती तिथे जायचे. मेम्फिसमध्ये अशी जागा एकच उरली होती. शनिवारी सकाळी स्थानिक दूरचित्रवाणीवर कुस्तीचा कार्यक्रम होई आणि सोमवारी रात्री त्यातल्या भांडणांचा निकाल पाहायला लोक मिड-साउथ कॉलिसियममध्ये गर्दी करत. पैलवान जेरी लॉलर हे त्या शहराचे अनभिषिक्त राजे. तेही ट्रेडवेल हायस्कूलचेच. लॉलर यांना गाण्याची हौस होती, आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणात हार्ट यांनी मागचा सूर धरला. कुस्तीत त्यांचा प्रवेश झाला तो असा, साथ करता करता.

मॅनेजर नेमके काय करतो, हे न समजल्यामुळे आपल्याकडे ही चर्चा भरकटते. कुस्ती म्हटल्यावर आपल्या मनात तालमीतला वस्ताद येतो, जो डाव शिकवतो, खुराक ठरवतो, पठ्ठा घडवतो. अमेरिकन व्यावसायिक कुस्तीतला मॅनेजर यातले काहीही करत नाही. त्याचा पैलवान ताकदीने आणि कसबाने पुरेसा असतो. कमी असतो तो आवाज. पंधरा हजार लोकांच्या सभागृहात शेवटच्या ओळीतल्या माणसाला पैलवानाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. या पैलवानाची चीड का यावी, त्याने कोणते कपट केले, आता पारडे कोणाकडे झुकले आहे, हे सगळे त्या शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचवणे हे मॅनेजरचे काम असते. तो लढतीआधी बोलतो, लढतीत ओरडतो, योग्य क्षणी दोरांवर चढून पंचाचे लक्ष वेधून घेतो आणि शेवटी स्वतः मार खाऊन लोकांचा राग शांत करतो. लोकांच्या या रागाला त्या धंद्यात ‘हीट’ म्हणतात, आणि ती केव्हा वाढवायची, केव्हा अडवायची, केव्हा सोडून द्यायची, हा सगळा लयीचा हिशेब आहे. जो तबलजी गायकाच्या प्रत्येक तानेला जागा देतो, विस्तारात मागे राहतो आणि समेवर येताना अचूक भेटतो, त्याच्या हिशेबाहून हा हिशेब जातीने वेगळा नाही.

अहमदजान थिरकवा हे विसाव्या शतकातले थोर तबलावादक गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला बसत असत, आणि सारंगीवर कादरबक्ष असत. नाटकात तबला वाजवला म्हणून थिरकवांच्या गुणांची माती झाली असे आज कोणी म्हणेल का? त्या काळी नाटकमंडळीला नाके मुरडणारे लोक होतेच. रात्री उशिरापर्यंत तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांपुढे वाजवणे हे उस्तादाला शोभते का, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. आज आपण उलट मानतो, की त्या साथीने नाट्यसंगीताला जे वजन आले ते त्याशिवाय आले नसते. मी हार्ट यांना थिरकवांच्या पंक्तीत बसवत नाही. ती तुलना करणे हास्यास्पद होईल. मला एवढेच दाखवायचे आहे की प्रेक्षकांच्या पैशावर चालणाऱ्या रंगमंचावर दुसऱ्याची साथ करणे म्हणजे कलेतून घसरणे, हा विचार आपण आपल्या घरात कधीच सोडून दिला आहे. तो मेम्फिसच्या माणसाला मात्र अजून लावतो.

उदाहरण द्यायचे तर ‘द हाँकी टाँक मॅन’ या पैलवानाचे द्यावे लागेल. हे लॉलर यांचेच चुलत-मावस नात्यातले वेन फॅरिस. एल्व्हिससारखे केस, एल्व्हिससारखे कपडे, हातात गिटार. १९८६ साली वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कुस्ती कंपनीने त्यांना नायक म्हणून लोकांपुढे आणले आणि लोकांनी ते सपशेल नाकारले. एल्व्हिसची नक्कल त्यांना पचली नाही. हा माणूस आपल्याला आवडावा अशी अपेक्षा आपल्याकडून केली जाते आहे, याचाच त्यांना राग आला. कंपनीने मग तो राग झिडकारण्याऐवजी वापरायचे ठरवले आणि शेजारी जिमी हार्ट यांना उभे केले. हार्ट यांना तेव्हा ‘कर्नल’ म्हटले जाऊ लागले, कारण एल्व्हिस यांचे खरे मॅनेजर टॉम पार्कर यांना सगळे अमेरिकन जग ‘कर्नल’ म्हणून ओळखत होते. माणूस तोच, गिटार तीच, नक्कल तीच. पण आता शेजारी मेगाफोनवरून कोकलणारा एक खुशमस्कऱ्या होता, जो या सुमार गायकाला जगातला थोर कलावंत म्हणून मिरवत होता. बेसूर वाटणारे गाणे एकाएकी सुरात आले, कारण त्याला योग्य साथ मिळाली. फॅरिस यांनी २ जून १९८७ रोजी इंटरकॉन्टिनेंटल अजिंक्यपद जिंकले आणि ते ४५४ दिवस, २९ ऑगस्ट १९८८ पर्यंत, स्वतःकडे ठेवले. हा विक्रम मोडायला सप्टेंबर २०२३ उजाडावे लागले. या ४५४ दिवसांत बहुतेक लढती ते पंचाच्या चुकीने, पळून जाऊन किंवा हार्ट यांच्या लबाडीने वाचवत, आणि प्रत्येक वेळी लोक पुढच्या महिन्यात त्यांना हरताना पाहायला पुन्हा तिकीट काढत. शेवटी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘अल्टिमेट वॉरियर’ने त्यांना जेमतेम अर्ध्या मिनिटात चीत केले, तेव्हा उसळलेला आनंद हा सव्वा वर्ष ताणून धरलेल्या तारेचा आवाज होता. ही तार कोणी ताणली? एकट्या फॅरिस यांनी नक्कीच नाही. मेम्फिसमधल्या एका खऱ्या गायकाने एल्व्हिसच्या तोतयाची साथ करावी आणि त्यासाठी एल्व्हिसच्या मॅनेजरची पदवी मिरवावी, यात त्या शहराच्या संगीताची सारी आठवण गुंफलेली आहे.

हार्ट यांच्यावरचा संगीतातला सर्वांत वजनदार आक्षेप असा, की कुस्तीसाठी त्यांनी रचलेली गाणी संगीत म्हणून सामान्य आहेत. हा मुद्दा मी मान्य करतो. जे. जे. मॅग्वायर यांच्यासह त्यांनी बांधलेली ही गाणी कोणी दिवाणखान्यात बसून ऐकत नाही, त्यांच्या शब्दांत खोली नाही, चाली सरधोपट आहेत. पण ती कशासाठी बांधली हे न विचारता त्यांना तोलणे म्हणजे हलगीला तिच्यात आलाप नाही म्हणून नावे ठेवण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या खासबागेत हलगी कडाडते ती रागविस्तारासाठी नाही. मैदानात नामांकित जोड लागली आहे हे वरच्या पायरीवरच्या माणसाच्या छातीत उतरवण्यासाठी ती कडाडते. आखाड्यात येतानाच्या गाण्याला पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस ओळखून द्यावा लागतो. ही गरज हार्ट यांनी निर्माण केली नाही. ‘गॉर्जस जॉर्ज’ नावाचा पैलवान चाळीसच्या दशकातच एडवर्ड एल्गार यांच्या ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’च्या संचलनी सुरांवर डौलात चालत येत असे. हार्ट यांनी वेगळे केले ते असे, की उसने सूर न घेता त्या माणसाच्या स्वभावाचे गाणे बांधायला घेतले. शॉन मायकल्स यांच्यासाठी त्यांनी १९९२ साली केलेले ‘सेक्सी बॉय’ आधी शेरी मार्टेल यांच्या आवाजात होते आणि नंतर खुद्द मायकल्स यांनी गायले. सुरुवातीला ते उर्मट, आत्ममग्न खलनायकाचे गाणे होते. पुढे मायकल्स लोकांचे लाडके झाले, प्रौढ झाले, २०१० साली निवृत्त झाले, आणि ते गाणे शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिले. माणूस बदलला तरी जे पद जुने वाटत नाही, त्यात रचनेचे काहीतरी कसब असणारच.

इथे एक दुरुस्ती करणे आवश्यक आहे, कारण हार्ट यांच्या चाहत्यांकडून ही चूक वारंवार होते. होगन यांचे सर्वांत गाजलेले ‘रिअल अमेरिकन’ हे गाणे हार्ट यांचे नाही. ते रिक डेरिंजर यांचे आहे, आणि ते मुळात दुसऱ्याच जोडीसाठी होते. १९९४ साली होगन प्रतिस्पर्धी कंपनीत, वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंगमध्ये गेले तेव्हा ते गाणे जुन्या कंपनीच्या मालकीचे असल्याने मागे राहिले, आणि नव्या घरात होगन यांना आवाज द्यायला हार्ट यांनी ‘अमेरिकन मेड’ हे गाणे केले. ते जुन्याइतके गाजले नाही. पण यातून साथीदाराची किंमत कळते. देहाने पैलवान कुठेही जाऊ शकतो. त्याच्याबरोबर जी हवा फिरते ती मात्र कोणीतरी नव्याने बांधावी लागते.

दुसरा मोठा आक्षेप फसवणुकीचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नुरा कुस्ती या शब्दाला आपल्याकडे जी घृणा चिकटली आहे ती योग्यच आहे, कारण निकाली कुस्तीचे तिकीट घेतलेल्या माणसाला आतून ठरवलेली बरोबरी विकणे ही चोरी आहे. अमेरिकेतल्या प्रवर्तकांनीही कित्येक दशके आपला माल खरा म्हणून विकला. धंद्याचे हे गुपित सांभाळण्याला ते ‘केफेब’ म्हणत आणि ते फोडणाऱ्याला वाळीत टाकत. हार्ट त्या व्यवस्थेचे भाग होते. विनोदी अभिनेते अँडी कॉफमन आणि लॉलर यांची ५ एप्रिल १९८२ ची मेम्फिसची लढत, त्यानंतरचा मानेचा पट्टा, जुलैमध्ये दूरचित्रवाणीवर लॉलर यांनी कॉफमन यांना मारलेली थोबाडीत, हे सगळे संगनमताने झाले होते आणि १९८४ साली कॉफमन वारल्यानंतरही बरीच वर्षे ते लपवून ठेवले गेले. त्या प्रकरणात हार्ट कॉफमन यांच्या बाजूने उभे होते. ज्यांनी ते खरे मानून काळजी केली त्यांची फसवणूक झाली, हे मला नाकारता येत नाही.

तरीही मॅनेजर हा माणूस या फसवणुकीचा भक्कम पुरावा आहे की तिच्या विरोधातला, याचा शांतपणे विचार करायला हवा. एक माणूस दर आठवड्याला पंचाच्या पाठीमागून प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यात मेगाफोन घालतो, तो कायमचा बाद होत नाही, त्याला अटक होत नाही, पुढच्या आठवड्यात तो त्याच कोटात, त्याच हत्यारासह पुन्हा हजर असतो. हा खेळ म्हणून कोण गिळेल? हार्ट यांचे तिथे असणे हीच प्रेक्षकाला दिलेली उघड खूण होती, की समोर चालले आहे ते नाट्य आहे. तमाशात सोंगाड्या आला की आता काय सुरू होणार हे फडासमोर बसलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. तसेच हे होते. शिवाय इतिहासाने या प्रश्नाची परीक्षाच घेऊन ठेवली आहे. १९८९ साली कुस्तीवरचे क्रीडा आयोगाचे नियंत्रण सुटावे म्हणून वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपला कार्यक्रम ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे, असे स्वतःच सांगून टाकले. लोक जर खऱ्या निकालासाठीच येत असते, तर त्यानंतर सभागृहे ओस पडायला हवी होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती आधीपेक्षा जास्त भरली. लोकांनी निकाल विकत घेतलाच नव्हता.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करतो. आखाड्यात पडायचे ते पैलवानांनी. हाडे त्यांची मोडली, मणके त्यांचे झिजले, वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी ते गेले, आणि त्या पिढीतले कितीतरी जण पन्नाशी न पाहता वारले. त्यांना कंपनीने कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानले, म्हणून आरोग्यविमा नाही, निवृत्तिवेतन नाही. बाहेर उभा राहून ओरडणारा माणूस मात्र ऐंशी ओलांडून ठणठणीत आहे. साथीचे गोडवे गाताना हा रक्ताचा हिशेब विसरायचा का? विसरता कामा नये. उलट मला वाटते की संगीतातून आलेल्या माणसाकडे पाहताना तो जास्तच टोचतो. अमेरिकेत वादकांची संघटना १८९६ पासून आहे. ध्वनिमुद्रणाला बसणाऱ्या वादकाचा किमान मेहनताना किती, हे तिने ठरवून घेतले. पैलवानांची अशी संघटना आजतागायत झाली नाही. १९८६ साली पैलवान जेसी व्हेंचुरा यांनी ती उभारायचा प्रयत्न केला, तेव्हा ती खबर मालक व्हिन्स मॅकमहन यांच्यापर्यंत पोहोचवणारे खुद्द हल्क होगन होते, हे पुढे न्यायालयीन साक्षीतून उघड झाले. हार्ट ज्यांच्या साथीला सर्वाधिक काळ राहिले त्यांच्या चारित्र्यावरचा हा डाग आहे, आणि एकमेव नाही. होगन यांचे वर्णद्वेषी बोलणे २०१५ साली बाहेर आले तेव्हा कंपनीने त्यांचे नाव आपल्या सन्मानयादीतून काढले आणि २०१८ साली परत घातले. निष्ठा हा साथीदाराचा गुण आहे, पण कोणाशी निष्ठा, हा प्रश्न त्याला चुकत नाही.

पण याच व्हेंचुरा यांच्या खटल्यात माझ्या मूळ मुद्द्याला अनपेक्षित आधार आहे. पैलवानी सोडल्यावर ते लढतींचे निवेदक झाले होते, आणि त्यांचे निवेदन असलेल्या चित्रफितींची विक्री करताना कंपनीने त्यांना मानधनाचा वाटा दिला नाही. १९९४ साली ज्यूरीने त्यांना सुमारे ८ लाख १० हजार डॉलर देवविले. अमेरिकन कुस्तीच्या इतिहासात कामगाराच्या बाजूने लागलेल्या मोजक्या निकालांपैकी हा एक आहे, आणि तो कशाबद्दल लागला? आवाजाबद्दल. आखाड्याबाहेर बसलेल्या माणसाचा आवाज हे विक्रीच्या मालाचे वेगळे, मोल असलेले अंग आहे, असे त्या निकालाने सांगितले. शोषणाचा आक्षेप खरा आहे. पण तो मालकांवर आहे. साथीचे मोल नाकारून पैलवानाच्या पदरात काहीही जास्तीचे पडत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. लोकांना चिडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग त्यांच्या मनातल्या दुष्ट पूर्वग्रहांतून जातो, आणि या धंद्याने तो निर्लज्जपणे वापरला. हार्ट ज्या मेम्फिसमध्ये काम करत होते, तिथेच १९८२ साली मिसिसिपीत जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय पैलवानाच्या अंगावर रंग फासून त्याला युगांडाचा नरभक्षक म्हणून उभे करण्यात आले. पण त्याच मेम्फिसची दुसरी आठवणही आहे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस स्पुटनिक मन्रो नावाच्या गोऱ्या, तोंडाळ खलनायकाला कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले होते. सभागृहातल्या वरच्या कोंदट सज्जात त्यांना कोंबले जाई, आणि आपण गर्दी खेचतो या जोरावर मन्रो यांनी त्यांना खालच्या खुर्च्या उघड्या करायला प्रवर्तकांना भाग पाडले. म्हणजे गर्दीवर चालणारी जीभ कोणत्या दिशेला वळवायची, याची निवड माणसाला असते. हार्ट मन्रो नव्हते. त्यांनी समाजाची कोणतीही भिंत पाडली नाही. पण त्यांच्या कामाकडे नीट पाहिले तर त्यांनी लोकांचा राग बहुधा स्वतःवर ओढवून घेतलेला दिसतो. त्यांचा खलनायक भित्रा होता, बडबड्या होता, लबाड होता, श्रीमंतांच्या पुढेपुढे करणारा होता. जानेवारी १९८० मध्ये लॉलर यांचा पाय मोडला आणि ज्या मित्राने आपल्याला या धंद्यात आणले त्यालाच हार्ट यांनी पडद्यावर वाऱ्यावर सोडले. घोड्याचा पाय मोडला की त्याला गोळी घालतात, असे निर्लज्ज बोल त्यांनी दूरचित्रवाणीवर ऐकवले. मेम्फिसचे लोक पेटून उठले, आणि तो राग कोणाच्या कातडीचा, देशाचा किंवा धर्माचा नव्हता. तो कृतघ्नपणाचा राग होता. लोकांना कोणत्या गोष्टीची चीड यावी हे ज्याच्या हातात आहे, त्याने मित्रद्रोहाची चीड निवडणे ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

हार्ट यांना २००५ साली वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंटच्या (हे फेडरेशनचेच नंतरचे नाव) सन्मानयादीत घेतले गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर होगन, रॉडी पायपर, पॉल ऑर्नडॉर्फ, बॉब ऑर्टन, निकोलाय व्होल्कॉफ आणि आयर्न शेख हे सहा पैलवान होते. ३१ मार्च १९८५ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या पहिल्या रेसलमेनियात हे सातही जण होते, आणि सातांत एकटे हार्ट पैलवान नव्हते. त्या दिवशी ते ग्रेग व्हॅलेंटाइन यांच्या लढतीला उभे राहिले, आणि त्याआधी किंग काँग बंडी यांच्या. बंडी यांची लढत नऊ सेकंदांत संपल्याचे जाहीर झाले. हार्ट यांना आखाड्यापर्यंत चालत यायला याहून जास्त वेळ लागला असेल. हजारो माणसांनी पैसे मोजून पाहिलेल्या त्या लढतीत प्रत्यक्ष कुस्ती अशी डोळ्याचे पाते लवेपर्यंत झाली; बाकी जे होते ते चालत येणे, आरडाओरडा, धास्ती आणि गलका. जिमी हार्ट यांना वीस वर्षे येत होते ते नेमके हेच.